शुक्रवारची टोपली

मुनशी अब्दुल गनी यांच्याविषयी लिहावे असा आग्रह मला कोणी केलेला नाही. गेली पंचवीस वर्षे मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच लिहीत आलो. कोणाची म्हैस कोंडवाड्यात गेली, कोणाच्या बांधावरचे मोहाचे झाड शेजाऱ्याने आपले म्हटले, कोणाच्या मुलाचे नाव शाळेत भलतेच लागले; त्या सर्वांचे म्हणणे साहेबांस समजेल अशा भाषेत मी मांडले. प्रस्तुत लेखात अर्जदार मीच आहे आणि अर्जनवीसही मीच. मागणी कोणती, हे मात्र शेवटापर्यंत गेल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

माझे शिक्षण पाचवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे कचेरीच्या ओसरीवर झाले. ते कमी आहे असे मला वाटत नाही. दुसरीकडे वीस वर्षे हा धंदा केल्यावर, देश स्वतंत्र झाल्यानंतर तीन-चार वर्षांनी मी चांदा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी परवाना घेऊन आलो, तेव्हा कचेरीच्या ओसरीवर दोन अर्जनवीस आधीच बसत होते. एक दौलत नावाचा बोलका तरुण. दुसरे मुनशीजी.

ओसरीचे तोंड पूर्वेला. सकाळी ऊन थेट आत येई आणि सावलीची जेमतेम एक पट्टी भिंतीलगत उरे. ती पट्टी दोघांनी वाटून घेतली होती. मी माझी चटई घेऊन उन्हातच उभा राहिलो. दौलतने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. मुनशीजींनी टाक खाली ठेवला, आपले बुटके मेज दोन हातांनी उचलले आणि हातभर बाजूला नेऊन ठेवले.

"बसा, भाऊ," ते म्हणाले. "सावली रोज सरकते. तिच्यासंगं आपुनही थोडं सरकलं तं काय बिघडते?"

त्यांचा स्वतःचा डावा खांदा मात्र त्या दिवसापासून उन्हात राहू लागला. उंच, वाळका देह, गळ्यापर्यंत बटणे लावलेली विटकी शेरवानी, चष्म्याच्या मोडक्या काडीऐवजी कानाला गुंडाळलेला दोरा. शेरवानीचा डावा खांदा उजव्यापेक्षा जास्त विटत गेला. तो पाहिला की मला अस्वस्थ वाटे. परंतु मी कधी जागा बदलून मागितली नाही, हेही येथे नमूद करतो.

मला चौकशीची खोड आहे. ती धंद्याने लावली. समोरचा माणूस सांगतो त्याहून तो काय सांगत नाही इकडे आमचे लक्ष असते. त्या खोडीने मी मुनशीजींना न्याहाळू लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी टिपल्या. पहिली त्यांच्या हाताची. उजव्या हाताने लिहीत असताना त्यांचा डावा हात मेजावर उताणा पडलेला असे, कोणी त्यात काही ठेवील म्हणून वाट पाहत असल्यासारखा. कारण विचारले तर म्हणाले, "लहानपणी मूठ मिटून लिहित होतो. उस्ताद बोटांवर छडी मारत. तवापासून हात उघडा राहते." माझी रीत नेमकी उलटी. मी डावा तळहात कागदाच्या कडेला उभा धरून लिहितो, जेणेकरून शेजारच्याला मजकूर दिसू नये. ही माझी प्रथमपासूनची शिस्त आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या वहीची. तिला ते बयाज म्हणत. लाल कापडात बांधलेली, जाड, कडा मऊ झालेली. तीस वर्षांत जो अर्ज मनासारखा उतरला त्याची नक्कल तिच्यात होती. आमच्या धंद्यात अशी वही म्हणजे माणसाचे सर्वस्व. मुनशीजी ती मेजावर उघडी ठेवीत, तोंड आमच्याकडे करून. "ज्याले जे पाहिजे ते उतरवून घ्या," असे त्यांचे सांगणे असे. दौलत सरळ मांडी घालून तासन्‌तास उतरवून घेई. मी कधी मागितली नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेणे मला शोभणारे नव्हते.

एका पावसाळ्यानंतर दौलतने त्याच नकलांच्या जोरावर शेजारच्या मोठ्या गावच्या आठवडी बाजारात मेज मांडले. तिकडची माणसे पूर्वी दोन कोस चालून मुनशीजींकडे येत. ती येईनाशी झाली. एका बुधवारी मी मुनशीजींना हे सांगितले. सांगण्यात माझा हेतू निव्वळ माहिती देण्याचा होता. परंतु त्यांचा डावा हात पालथा झाला. दुपारच्या नमाजापर्यंत तो पालथाच होता. शुक्रवारी त्यांनी दौलतपुढे एक टोपली ठेवली. वर पळसाची पाने, खाली सीताफळे.

"हे कायले, मुनशीजी?" दौलत दचकला. "मी तुमची माणसं पळवून राह्यलो, अन् तुमी मले फळं देता?"

"म्हूनच देतो," मुनशीजी म्हणाले. "गोड आहेत. खा."

दौलतने मागाहून मला डोळा घातला. "बुढ्याचं डोकं फिरलं, सीतारामभाऊ. आपल्याले काय, फळं तं मिळाली." मी मात्र त्या 'म्हूनच'वर अडकलो. अर्जात असा शब्द आला असता तर मी अर्जदाराला थांबवून खुलासा विचारला असता. तसा मी मुनशीजींना विचारला. तेव्हा त्यांच्यासमोर चमरू बसलेला होता. चमरू हा जंगलातल्या एका पाड्याचा वृद्ध गोंड. पुढच्या पावसाळ्यापूर्वी छपरासाठी बांबू तोडण्याची परवानगी त्याला हवी होती आणि ती मिळत नव्हती.

मुनशीजींनी टाक पुसला. शिकवण सांगायची वेळ आली की ते आवाज उंच करीत नसत, उलट खाली आणीत. ते म्हणाले की त्यांच्या धर्मात मनाचे दोन रोग फार वाईट मानले आहेत. एक बुखल, म्हणजे कंजूषपणा: जे आपल्यापाशी आहे ते दुसऱ्याला मिळू नये असे वाटणे. दुसरा हसद, म्हणजे मत्सर: जे दुसऱ्यापाशी आहे ते त्याच्यापाशी राहू नये असे वाटणे. पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवले आहे की आग जशी सरपण खाते तसा हसद माणसाची नेकी खाऊन टाकतो. नमाज, रोजे, दान, सगळे जमवलेले जळते.

"तुमी जंगलाजवळचे," ते मला म्हणाले. "तुमाले आग काय सांगू?"

"मग त्यावर इलाज?" मी विचारले.

"उस्ताद सांगत, ज्याचा हसद आला त्याच्यासाठी दुवा मागा, अन् त्याले काही द्या. मन नाई म्हणते, तरी हातानं द्या. हात पुढं गेला का मन मागून येते. कधी लवकर येते, कधी फार उशिरा."

चमरू इतका वेळ गुडघे कवटाळून ऐकत होता. तो म्हणाला, "आग खालून जाते, मुनशीजी. सुक्या पाल्यातून. वरून झाड हिरवंच दिसते."

मुनशीजी त्याच्याकडे पाहतच राहिले. पुढे महिनाभर ते भेटेल त्याला हे वाक्य ऐकवीत होते आणि दर वेळी चमरूचे नाव घेत होते. "माझ्या उस्तादानं एवढं नव्हतं सांगितलं," म्हणत. माझ्यासारख्याने हे वाक्य चार दिवसांत आपले करून टाकले असते.

त्याच बैठकीत त्यांनी चमरूचा अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. त्याचे पहिले वाक्य मी येथे देतो, कारण पुढील हकिगत त्या वाक्याची आहे: "अर्जदार जंगलात राहतो; जंगल आपले नाही हे त्यास ठाऊक आहे; परंतु पावसात डोक्यावर छप्पर लागते, हे जंगलासही ठाऊक आहे."

मी ते ऐकले आणि मनाशी दोनदा म्हणून पाहिले. पंचवीस वर्षांत मी असे वाक्य लिहिलेले नाही. 'नम्रपणे', 'सविनय', 'कृपावंत होऊन' हे सर्व मी लिहू शकतो, आणि दौलतपेक्षा शुद्ध लिहितो. परंतु ते वाक्य वाचून साहेब हसले आणि हसत हसतच त्यांनी सही केली, असे शिपायाने येऊन सांगितले. चमरूला बांबू मिळाले.

पुढच्या गुरुवारी मुनशीजी दुपारच्या नमाजाला गेले असताना, दौलत पाणी प्यायला उठला असताना, मी बयाजमधून ते वाक्य उतरवून घेतले. ओसरीवर कोणी नव्हते, तरी माझा डावा तळहात कागदाच्या कडेला उभा होता. जी वस्तू मागितली असती तर त्यांनी हसत दिली असती, ती मी चोरून घेतली. कारण सरळ आहे. मागणे म्हणजे ती माझ्यापाशी नाही असे कबूल करणे. त्यानंतर मी त्या वहीतून बरेच काही उतरवले. नेहमी त्याच वेळी.

आता बुखलाची हकिगत. मुनशीजींच्या अंगणात लिंबाचे एक झाड होते. आमच्या भागात उन्हाळ्यात लिंबू मिळणे कठीण, आणि या झाडाला ऐन वैशाखात फळ येई. एका सकाळी मी काही कामाने त्यांच्याकडे गेलो तर ते झाडाखाली उभे राहून कुंपणाच्या काट्या उपसत होते. त्यांची पत्नी हमीदाबी दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"पाहा तुमच्या मुनशीजीले," त्या मला म्हणाल्या. "लोकं कुंपण घालतात, हे काढून राह्यले."

"मी लिंबं मोजू लागलो होतो, सीतारामभाऊ," मुनशीजी हातातला काटा झटकत म्हणाले. "परवा सत्तावीस. काल सव्वीस. तं मनात आलं, एक कोणी नेलं? रात्रभर त्या एका लिंबाचा विचार. सकाळी समजलं का बुखल आला. एका लिंबाच्या वाटेनं आला."

"लोणच्यापुरती पाच तरी ठेवाल का नाई?" हमीदाबींनी विचारले.

"पाच ठेवली का मी ती पाच मोजीन."

"तुमी नका मोजू. मी मोजते. माझ्या मनाचं मी पाहून घेईन."

मुनशीजी हसले आणि एक फांदी आत वळवून दिली. "ही हमीदाबीची. इकडं मी पाहणारसुद्धा नाई." बाकीचे झाड त्या दिवसापासून रस्त्याच्या बाजूने मोकळे राहिले. जे दाबून धरले तेच कयामतीच्या दिवशी गळ्यात पडते, अशी शिकवण असल्याचे त्यांनी मला काट्या बांधता बांधता सांगितले. मी त्यांना विचारले की सत्तावीस लिंबे गळ्यात किती जड होतील. ते म्हणाले, "मोजणाऱ्याच्या गळ्यात फार."

यानंतर काही महिन्यांनी मला टोपली येऊ लागली.

पहिली टोपली आली तेव्हा मी ती दौलतसारखी घाईने घेतली नाही. योग्य तो संकोच दाखवून घेतली. आठ अंडी, वर पळसाचे पान. पुढल्या शुक्रवारी पपई. मग सीताफळे, आवळे, ईदेला शेवया. कधी दोन शुक्रवार रिकामे जात आणि तिसऱ्याला टोपली येई. मुनशीजी ती माझ्या मेजाशी ठेवीत आणि काही न बोलता आपल्या जागी जाऊन बसत. मी समजलो की माझ्या लेखणीचा मान होत आहे. एका वयस्क माणसाने दुसऱ्याची योग्यता ओळखली यात मला काही नवल वाटले नाही.

माझी पत्नी अंजनाबाई आणि हमीदाबी यांची नदीवर धुण्याच्या निमित्ताने ओळख होती. एके दिवशी अंजनाबाई टोपलीतले पेरू काढता काढता म्हणाल्या, "हे पेरू कायचे येतात, माहीत आहे का तुमाले?"

"मान म्हणून येतात," मी म्हणालो.

"हमीदाबी सांगत होती. मुनशीजीच्या मनात ज्याचा जळफळाट झाला, त्याच्या घरी टोपली जाते. औषध आहे म्हणे त्यांचं. पहिले एकदा दौलतच्या घरी गेली. आता दोन वर्षं झाली, दुसरीकडं कुठी जातच नाई." त्यांनी एक पेरू माझ्यापुढे ठेवला. "तुमच्यापाशी जळाजोगं काय आहे, मले तं दिसलं नाई अजून."

मी त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले. परंतु पेरू हातातच राहिला. दौलतच्या टोपलीच्या वेळी इलाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि तो मला लागू होत असेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मुनशीजी माझा मत्सर करीत होते. तीस वर्षांची बयाज असलेला, साहेबांना हसवणारा माणूस माझा, सीतारामचा. मी त्या रात्री नीट झोपलो आणि सकाळी नेहमीपेक्षा स्वच्छ टोपी घातली.

तथापि, चौकशी पुरी करणे अवश्य होते. मत्सर कशाचा? माझे अक्षर वळणदार आहे, हे एक. माझे पाय शाबूत आहेत आणि त्यांना सांध्यांचा त्रास होता, हे दुसरे; परंतु त्यासाठी कोणी पेरू पाठवीत नाही. मी आडून विचारून पाहिले. "मुनशीजी, सगळाच हेवा वाईट काय?"

"दोघांचा चालते," ते म्हणाले. "ज्याले धन मिळालं अन् तो ते चांगल्या कामात उधळते, त्याचा. अन् ज्याले इल्म मिळाला अन् तो दुसऱ्याले शिकवते, त्याचा. त्यांच्यासारखं व्हावं वाटलं तं गुन्हा नाई."

"म्हणजे तिथे औषध लागत नाही."

"तिथी कायले लागन?"

मी हिशोब मांडला. मला टोपली येते, अर्थात माझा हेवा चालणाऱ्यांपैकी नव्हे. धन माझ्यापाशी नाही. विद्या आहे, पण मी ती कोणाला शिकवीत नाही, तळहाताआड धरतो. उत्तर इतके जवळ येऊनही मला ते दिसले नाही, कारण त्या तळहाताआड काय आहे हे मला पक्के माहीत होते. मी उलट तो हात आणखी उभा धरू लागलो. मुनशीजींची नजर कधी कधी त्या हातावर येऊन थांबे आणि ते घाईने दुसरीकडे पाहत. ती नजर मला आवडू लागली होती.

अशी एकूण तीन वर्षे गेली. मध्यंतरी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, कचेरीवरची पाटी बदलली, आणि एका उन्हाळ्याच्या तोंडी बातमी आली की मुनशीजी आणि हमीदाबी यांचा हजयात्रेला नंबर लागला. मुंबईहून जहाज होते. परतल्यावर ते येथे राहणार नव्हते. सिरोंच्याला मुलीकडे कायमचे जाणार होते.

हजला निघण्यापूर्वी त्यांच्यात माणूस घरोघर जाऊन माफी मागतो. ज्याचे मन दुखवले असेल, ज्याचे काही आपल्याकडून बिघडले असेल, त्याने मोकळ्या मनाने माफ केल्याशिवाय निघायचे नाही. मुनशीजी आठवडाभर उन्हात फिरत होते. दौलतकडे गेले. चमरूच्या पाड्यावर बैलगाडीने गेले, कारण एकदा त्याला दोन तास ताटकळत ठेवले होते. निघण्याच्या आदल्या सकाळी ते माझ्याकडे आले. हमीदाबी सोबत होत्या. अंजनाबाईंनी घोंगडी अंथरली. मुनशीजी बसले, पाण्याचा पेला समोर ठेवला आणि प्यायला नाहीत.

"कहासुना माफ करा, सीतारामभाऊ," ते म्हणाले. "बाकी लोकांले एवढंच म्हटलं. तुमाले पुरं सांगावं लागते. मी तीन वर्षं तुमचा हसद केला."

मी सावरून बसलो. "कशाचा, मुनशीजी?"

"तुमच्या त्या हाताचा." त्यांनी आपला डावा तळहात गुडघ्यावर उभा धरून दाखवला. "माझी वही सगळ्यांले खुली. माझ्यापाशी जे आहे ते सगळ्यांनी पाह्यलं. अन् एक हा माणूस आहे, का लपवून लिहिते. मंग मनात येई, याच्यापाशी असं काय आहे का जे मले तीस वर्षांत नाई सुचलं? एक दिवस तं वाटलं, यांच्या दौतीले धक्का लागावा अन् कागद खराब व्हावा. दुसऱ्याचा कागद खराब व्हावा, असं वाटलं मले. फळं पाठवली, दुवा मागितली. मन मागून आलं नाई."

हमीदाबी खाली पाहत होत्या. अंजनाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"मी माफ केले," मी म्हणालो. "अगदी संतोषाने."

"तुमी केलं. अल्ला तुमचं भलं करो." ते उठले नाहीत. "पण ते अजून आत आहे. काल नमाजात उभा होतो तं तो हातच दिसला. असं मन घेऊन तिथी जाऊ, तं जाऊन काय आणीन मी? एक डाव पाहू द्या, सीतारामभाऊ. काय लिहिता ते. कोणतंही एक पान. पाह्यलं का विझन, असं वाटते."

मी म्हणालो की कागद कचेरीत आहेत. ते खरे नव्हते. कागद आमच्या डोक्यावरच्या फळीवर होते. "उद्या मोटारीवर आणून देतो," मी म्हणालो.

"आणजा," ते म्हणाले, आणि तेव्हा पाणी प्यायले.

ती दोघे गेल्यावर अंजनाबाई फळीकडे पाहत म्हणाल्या, "काय आहे त्याच्यात?"

"विशेष काही नाही."

"मंग दाखवाले काय जाते?"

मी फळीवरचा कागदांचा गठ्ठा खाली काढला. दुपारभर बसलो. एखादा स्वतंत्र, माझा म्हणावा असा अर्ज शोधून तो दाखवावा, असे मनात होते. गठ्ठा उलटा केला, सुलटा केला. माझे म्हणावे असे 'सविनय' आणि 'कृपावंत' पुष्कळ होते. ते मी मुनशीजींच्या पुढे ठेवू शकत होतो. त्यांना वाटले असते की एवढेच होते, आणि ते शांत झाले असते. मलाही काही गमवावे लागले नसते. तसा एक मी काढून वेगळा ठेवलाही. मग आठवले की त्या माणसाने एका लिंबासाठी कुंपण काढले होते. मी तो परत गठ्ठ्यात ठेवला आणि दुसरा काढला.

सकाळी मोटारीपाशी अर्धे गाव लोटले होते. दौलत पत्र्याची पेटी टपावर चढवीत होता आणि खालच्यांना दम देत होता. चमरू पाड्यावरून रातोरात चालत आला होता. वाटेत पाण्यासाठी म्हणून वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा त्याने आणला होता आणि तो खिडकीतून हमीदाबींच्या हाती दिला. मुनशीजींच्या गळ्यात एवढे हार होते की चष्म्याचा दोरा त्यांत अडकला होता. मला पाहताच त्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला. उताणा, मेजावर असे तसा.

मी त्यात कागद ठेवला. बोलण्यासारखे जे होते ते पहिल्याच ओळीत होते.

त्यांनी तो डोळ्यांपासून दूर धरला. ओठ हलू लागले. "अर्जदार जंगलात राहतो," आणि तेथे बोट थांबले. ते पुढची ओळ वाचीत नव्हते, हे मला दिसत होते, कारण पुढची ओळ त्यांना पाठ होती. मग त्यांनी पान उलटले. मागेही त्यांचेच होते, एका विधवेच्या अर्जातले. मी खिडकीची कड धरून उभा होतो. खाली बघावेसे वाटले, परंतु बघितले नाही.

"हेच होतं, हाताआड?" त्यांनी हळू विचारले.

"हेच होते."

"तीनही वर्षं?"

"सर्व वेळ, मुनशीजी."

त्यांनी हमीदाबींकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलू लागले. मला क्षणभर वाटले की रडत आहेत. परंतु ते हसत होते, हार थरथरत होते. "ऐकलं का?" ते त्यांना म्हणत होते. "एवढी अंडी, एवढे पेरू. मी माझ्याच कागदावर जळत होतो." हमीदाबींनी पदर तोंडाला लावला. "तरी म्हणत होती मी, पाच लिंबं ठेवा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मुनशीजी, मला माफी मागायची आहे." कंडक्टरने घंटी दिली आणि मोटार घरघरली. ते त्यांना ऐकू आले असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी व्यापाऱ्याने मान पुढे करून विचारले, "काय आहे त्या कागदात, चाचा?"

"दरखास्त आहे," मुनशीजी म्हणाले. त्यांनी चष्मा नीट केला आणि आवाज चढवला. शिकवण सांगताना ते आवाज खाली आणीत. त्या दिवशी तो सगळ्या मोटारीला ऐकू गेला. "आमच्या सीतारामभाऊनं लिहिलेली. ऐका तुमी. अर्जदार जंगलात राहतो; जंगल आपले नाही हे त्यास ठाऊक आहे..."

मोटार हलली. मी दोन-चार पावले बरोबर चाललो. हे माझे नाही, असे मी म्हणालो, आणि ते इंजिनच्या आवाजात गेले. की मी पुरेसे मोठ्याने म्हणालोच नाही, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. आतून कोणीतरी "वाहवा" म्हटले. कोणीतरी विचारले असावे की कोण हे सीतारामभाऊ, कारण वळणावर मोटार वळताना मुनशीजींचा डावा हात पुन्हा खिडकीबाहेर आला आणि त्या सगळ्यांना त्याने मला दाखवले. बोटाने नव्हे. पुऱ्या उघड्या तळहाताने.